कॅमेऱ्याचे देणे

सात वर्षांपूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामात एक चित्रपथक आले होते. वसईकडील ख्रिस्ती समाजाच्या लग्नविधींवर त्यांना अनुबोधपट करावयाचा होता. पथकात पाच माणसे होती. त्यांतल्या एक बाई मानववंशशास्त्र शिकलेल्या होत्या. उंबराच्या पाण्याचा विधी चित्रित करू द्याल का, असे त्यांनी आम्हांला अत्यंत अदबीने विचारले. आम्ही वधूच्या घरच्यांशी बोललो, त्यांनी आनंदाने होकार दिला आणि पुढचे चार दिवस वाडीत लग्नाबरोबर कॅमेऱ्याचाही सोहळा झाला.

विहिरीवर वाजतगाजत निघालेल्या बायकांना हातांतली घड्याळे काढावयास सांगण्यात आले. विहिरीवरचा विजेचा पंप गोणपाटाने झाकला गेला. मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागच्या पडवीत गेल्या. वाडीत एक आजी होत्या, पंच्याहत्तरी उलटलेल्या, लाल लुगडे अजून रोज नेसणाऱ्या. लग्नाची जुनी गाणी त्यांच्याएवढी कुणालाच येत नव्हती. त्यांना ओट्यावर बसवून तीन तास गाणी म्हणून घेतली. मध्येच कोंबडा आरवला म्हणून एक गाणे पुन्हा म्हणावयास लावले. आजींनी तेही हसत म्हटले. निघताना पथकाच्या प्रमुखांनी सर्वांसमक्ष शब्द दिला की, फिल्म तयार झाली म्हणजे ती सर्वप्रथम इथे, चर्चच्या सभागृहात दाखवू.

फिल्म तयार झाली. परदेशातल्या एका महोत्सवात ती दाखविली गेल्याचे दोन वर्षांनी वाडीतल्या एका युवकाने इंटरनेटवर पाहिले. सभागृहात मात्र ती आजतागायत आलेली नाही. आम्ही तीन पत्रे लिहिली. रविवारच्या मिस्सानंतर आजी काठी टेकीत आमच्यापाशी येत आणि विचारीत, "फादर, आमची फिल्म आली का हो?" गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा दफनविधी आम्हीच केला.

ही हकिकत आम्ही दोन-तीन विद्वान मित्रांना सांगितली, तेव्हा ते संतापले. पण त्यांचा संताप भलत्याच गोष्टीवर होता. घड्याळे का काढावयास लावली? पंप का झाकला? हे शास्त्र नव्हे, ही फसवणूक आहे! त्यांच्या या संतापाशी आमचे भांडण आहे. आजींना घड्याळ काढण्याचे काहीच वाटले नव्हते. लग्नात फोटोवाला हनुवटी वर करावयास सांगतो, आपण करतो. त्यातलाच तो प्रकार. त्यांना लागले ते निराळेच, आणि त्याबद्दल आमच्या मित्रांपाशी एक शब्दही नव्हता.

मानववंशशास्त्र आणि अनुबोधपट यांच्या शंभराहून अधिक वर्षांच्या सहवासातला वाद बहुतेक असाच घड्याळाभोवती फिरत राहिला आहे. दृश्य खरे की रचलेले? कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून चालू सोडावा की हातात घ्यावा? मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या नामांकित जोडप्याने १९३६ पासून बाली बेटावर हजारो फूट फिल्म खर्ची घातली आणि चाळीस वर्षांनंतर, विभक्त झाल्यावरही, ती दोघे याच ट्रायपॉडवरून एकमेकांशी हुज्जत घालीत होती. हा वाद आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. परंतु तो दोन पाहणाऱ्यांमधला वाद आहे. ज्यांना पाहिले, ती माणसे त्यात पक्षकारच नाहीत.

या वादातला पहिला आरोपी म्हणजे रॉबर्ट फ्लॅहर्टी. तो मानवशास्त्रज्ञ नव्हता; कॅनडाच्या उत्तरेस खनिजे शोधीत फिरणारा माणूस होता. आधीच्या सफरींत घेतलेली त्याची फिल्म १९१६ साली त्याच्याच सिगारेटची ठिणगी पडून जळाली. मग रेव्हियाँ फ्रेर या फरच्या व्यापारी कंपनीचे पैसे घेऊन १९२० साली तो हडसन उपसागराच्या काठी, आज इनुक्जुआक म्हणतात त्या वस्तीत परतला आणि वर्षभर तिथे राहिला. 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा त्याचा चित्रपट जून १९२२ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शित झाला. ट्रोब्रिअंड बेटांवरील मॅलिनोव्स्कीचा प्रसिद्ध ग्रंथही त्याच साली निघाला. लोकांत राहा, त्यांची भाषा शिका, मग लिहा, हा दंडक ज्या ग्रंथाने मानवशास्त्राला घालून दिला, तो ग्रंथ आणि हा चित्रपट अशी दोन्ही बाळे एकाच वर्षीची.

फ्लॅहर्टीवरचे आरोपपत्र चित्रपटशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. नानूकचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक. पडद्यावरची त्याची बायको त्याची बायको नव्हे. बर्फाच्या घरात कॅमेऱ्यापुरता उजेड येईना, म्हणून घर मोठे आणि अर्धेच बांधले. त्या काळी शिकारी बंदुका वापरीत होते, त्या दृष्टीआड ठेवून भाले हाती दिले. ग्रामोफोनची तबकडी नानूक दातांनी चावून पाहतो ते सोंग. ग्रामोफोन म्हणजे काय ते त्याला चांगले ठाऊक होते. सीलच्या शिकारीत दोराचे दुसरे टोक ओढीत होती ती चौकटीबाहेरची माणसे. १९९० च्या सुमारास एक फ्रेंच पथक त्या वस्तीत गेले, तेव्हा तिथल्या लोकांनीच हे हसत हसत सांगितले.

ते हसणे आमच्या मित्रांनी नीट ऐकावे, अशी आमची विनंती आहे. फसवल्या गेलेल्या माणसांचे हसणे तसे नसते. फ्लॅहर्टीने फिल्म धुण्याची सोय वस्तीतच केली होती. बर्फाला भोक पाडून त्यासाठी लागणारे पाणी तिथल्याच माणसांनी वाहून आणले, सामान ओढले, बिघडलेली यंत्रे दुरुस्त केली आणि धुतलेली फिल्म भिंतीवर दाखविली तेव्हा ती एकत्र बसून पाहिली. वॉलरसच्या शिकारीचे दृश्य पाहताना प्रेक्षक त्याला धरून ठेवा म्हणून ओरडत होते, असे फ्लॅहर्टीने नोंदविले आहे. आपल्या आजोबांच्या काळची शिकार त्यांनी स्वतःच्या खुशीने करून दाखविली. नाटक होते, पण दोघांनी मिळून केलेले. आम्ही त्याला खोटे म्हणावयास तयार नाही.

फ्लॅहर्टीचा खरा अपराध तो बोटीत बसला तेव्हापासून सुरू होतो. १९२१ च्या उन्हाळ्यात तो निघून गेला आणि पुन्हा त्या किनाऱ्यावर आला नाही. चित्रपटाने त्याला जगभर नाव दिले. अल्लाकारियाल्लाक दोनेक वर्षांत वारला. हरणांच्या शिकारीत भुकेने मेला असे फ्लॅहर्टी जगाला सांगत राहिला, आणि ते चित्रपटाला शोभूनही दिसले. प्रत्यक्षात तो घरीच आजारपणाने, बहुधा क्षयाने गेला. त्याच वस्तीत एका इन्युइट स्त्रीच्या पोटी फ्लॅहर्टीचा मुलगा जन्मला, जोसेफी त्याचे नाव. बापाने त्याला कधी पाहिले नाही, कधी आपला म्हटले नाही. १९५५ साली कॅनडाच्या सरकारने जी इन्युइट कुटुंबे सुमारे २००० किलोमीटर उत्तरेस, जिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, अशा ग्रीझ फियर्ड येथे नेऊन वसविली, त्यांत जोसेफीचे कुटुंब होते. परतीचे आश्वासन मिळाले होते, ते पाळले गेले नाही. सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली ती २०१० साली. या स्थलांतराचे खापर एका चित्रपटावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु बर्फात कुठेही सोडले तरी हसतमुखाने जगणारी माणसे, ही जी प्रतिमा जगाच्या मनात ठसली होती, ती कुणी ठसविली? आणि जिने ती ठसविली, ती फिल्म बघून त्यातल्या माणसांनी 'अहो, आम्हांलाही थंडी वाजते' असे म्हणावे, तर ते ऐकावयास कोण थांबले होते?

आमचे म्हणणे एवढेच आहे. माणसाचे चित्र घेणे म्हणजे त्याच्याकडून उसने घेणे. उसने घेणाऱ्याने भांडे घासून आणले की न घासता, ही चर्चा जरूर करावी. पण आधी ते परत करावे. परत करणे म्हणजे डबीत घालून एक प्रत पाठविणे नव्हे. ज्यांचे चित्र आहे त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, इतरांच्या आधी दाखवावे, ते काय म्हणतात ते ऐकावे आणि ऐकून काहीतरी बदलावे.

हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी नायजर नदीवरची एक गोष्ट सांगतो. झाँ रूश हा फ्रेंच माणूस मुळात पूल आणि रस्ते बांधणारा इंजिनियर. पुढे तो मानवशास्त्रज्ञ झाला आणि कॅमेरा घेऊन पश्चिम आफ्रिकेतल्या सोर्को कोळ्यांबरोबर पाणघोड्यांच्या शिकारीला गेला. त्या शिकारीवरची फिल्म त्याने काही वर्षांनी परत नेली आणि अयोरू गावात भिंतीवर चादर टांगून त्याच लोकांना दाखविली. लोकांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. वारलेली माणसे पडद्यावर दिसली तेव्हा ते रडले. आणि मग त्यांनी चूक काढली. शिकारीच्या रंगात आलेल्या दृश्याखाली रूशने शिकाऱ्यांचेच एक जुने वीरगीत घातले होते, प्रेक्षकाला स्फुरण चढावे म्हणून. कोळी म्हणाले, हे चूक आहे. पाणघोड्याची शिकार करताना चिडीचूप राहावे लागते. एवढा गलबला झाला तर तो ऐकून पळून जाईल!

पॅरिसच्या पंडितांपैकी कुणाला ही चूक दिसली नव्हती, दिसणारही नव्हती. रूशने संगीत काढून टाकले. त्याच रात्री त्या लोकांनी त्याला पुढच्या फिल्मचे विषयही सुचविले. सिंहाच्या शिकारीवरची त्याची पुढे गाजलेली फिल्म त्यातूनच निघाली. आपले सारे सामायिक मानवशास्त्र त्या रात्री जन्मले, असे रूश पुढे आयुष्यभर सांगत आला. 'दामुरे झिका' या सोर्को मित्राला त्याने नट केले, सहकारी केले, आणि एका चित्रपटात तर पॅरिसला नेऊन रस्त्यावरच्या फ्रेंच लोकांची डोकी मोजावयास लावली. इतकी वर्षे आफ्रिकेतल्या माणसांच्या कवट्या मोजल्या गेल्या, त्याची ही परतफेड. आम्हांला त्या दृश्याचे मनापासून हसू येते, आणि हसता हसता आमच्याच विद्यापीठांतली कवट्या मोजण्याची जुनी हौसही आठवते.

रूश संत नव्हता. १९५४ साली आक्रा शहराजवळ त्याने हाउका पंथाच्या लोकांचे अंगात येणे चित्रित केले. तोंडाला फेस, हातात लाकडी बंदुका, गव्हर्नर आणि सेनापती यांची सोंगे. ही फिल्म पाहून त्याचे गुरू मार्सेल ग्रिओल यांनी ती नष्ट करावी असे म्हटले. आफ्रिकी विद्यार्थीही त्याच मताचे होते. इंग्रजांनी तर आपल्या वसाहतीत तिच्यावर बंदी घातली. आणि सेनेगलचे थोर लेखक-दिग्दर्शक सेंबेन उस्मान यांनी १९६५ साली रूशला तोंडावर सांगितले की, तुम्ही आम्हांला किड्यांसारखे न्याहाळता. रूशची बाजू घेणारे या वाक्यावर चिडतात. आम्हांला वाटते की, ज्याला हे वाक्य समोरासमोर ऐकून घेता आले, त्याच्या हातून काही परतफेड झाली.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. रॉबर्ट गार्डनर या अमेरिकन दिग्दर्शकाची काशीवरची 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस' ही १९८६ ची फिल्म नव्वद मिनिटांची आहे. डोळ्यांना ती दिपवून टाकते: पहाटेची गंगा, झेंडूच्या माळा, लाकडे तोलणारे तराजू, चिता, कुत्री. त्यात निवेदन नाही आणि संवादांचे भाषांतरही नाही. माणसे बोलतात, भांडतात, लाकडाचा भाव करतात, देवाला हाका मारतात. पण परदेशी प्रेक्षकाला ते कळावे अशी काही तजवीज नाही. हा जाणूनबुजून घेतलेला कलात्मक निर्णय होता, आणि त्यावर मानवशास्त्रज्ञांत मोठे रणकंदन झाले. काशीच्या स्मशानविधींचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या जोनाथन पॅरी यांनी आक्षेप घेतला. दिल्लीच्या राधिका चोप्रा यांनी फिल्मची बाजू घेतली.

आम्ही चोप्राबाईंच्या विद्वत्तेपुढे कोण? पण आम्हांला थोडीफार हिंदी येते. पडद्यावरचा माणूस काय बोलतो आहे ते आम्हांला अर्धेमुर्धे कळत होते, आणि ते दिग्दर्शकाच्या लेखी केवळ घंटेसारखा, वल्ह्याच्या कुरकुरीसारखा एक आवाज आहे, हेही त्याच क्षणी कळत होते. माणसाची वाणी घेऊन तिचा नाद केला. आम्ही पुरोहित आहोत, शब्दांवर पोट भरणारे. म्हणून कदाचित आम्हांला हे अधिक बोचले असेल. परंतु उद्या कुणी आमच्या आजींची तीन तासांची गाणी केळीच्या पानांवर पडणाऱ्या पावसाच्या दृश्याखाली पार्श्वसंगीत म्हणून वापरली, तर आमचे विद्वान मित्र त्याला कविता म्हणतील काय? बहुधा म्हणतील.

येथे नावाहो जमातीतल्या सॅम याझी या वृद्ध वैद्याची आठवण होते. १९६६ साली सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन अभ्यासक ॲरिझोनात त्याच्याकडे गेले. नावाहो तरुणांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांनाच फिल्म करू द्यावी, असा त्यांचा बेत होता, आणि तो स्तुत्यच होता. याझीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, याने मेंढ्यांचे काही वाईट होईल का? नाही, असे उत्तर मिळाले. मग मेंढ्यांचे काही भले होईल का? अभ्यासकांनी प्रामाणिकपणे सांगितले की, तसे वाटत नाही. मग फिल्म करायची कशाला, असे म्हणून म्हातारा गप्प बसला. विद्यापीठांतून ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. आमच्या वाडीत केळीच्या बागेविषयी असाच प्रश्न विचारणारी माणसे अजून आहेत, आणि ती गंमत करीत नसतात.

मेंढ्यांचे भले कधी कधी होतेही. १८९८ साली केंब्रिजहून हॅडन नावाचा प्राणिशास्त्रज्ञ, पुढे मानवशास्त्रज्ञ झालेला, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर मोहीम घेऊन गेला. संशोधनासाठी चलच्चित्रांचा कॅमेरा नेणाऱ्या अगदी पहिल्या मोहिमांपैकी ती एक. त्याने घेतलेल्या फिल्मपैकी चार-पाच मिनिटे आज उरली आहेत. त्यांत मेर बेटावरची माणसे मालू-बोमाई विधीतले नृत्य करताना दिसतात आणि त्यांचे मुखवटे पुठ्ठ्याचे आहेत. खरे मुखवटे उरले नव्हते. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या आगमनानंतर तो विधीच बंद पडला होता, म्हणून हॅडनसाठी नवे करून घेतले. पुन्हा तेच घड्याळ! पण मोहिमेचे सहा खंडांचे अहवाल छापले गेले, त्यांत कोणती जमीन कुणाची याच्या वंशावळींसह नोंदी होत्या, आणि ते ग्रंथालयांत राहिले. पुढे त्याच मेर बेटाचा सुपुत्र एडी माबो १९८२ साली सरकारविरुद्ध न्यायालयात गेला: ही जमीन आमची होती आणि आहे. या खटल्यात ते अहवाल पुरावा म्हणून उपयोगी पडले. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, गोरे येण्यापूर्वी ही भूमी कुणाचीच नव्हती, ही समजूत फेटाळून लावली. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. चौऱ्याण्णव वर्षांनी का होईना, मेरचे देणे काही अंशी मेरला पोचले. हॅडनने ते जाणून ठेवले नव्हते. पण त्याने नावे लिहून ठेवली होती, माणसांना 'नमुना क्रमांक अमुक' करून टाकले नव्हते.

मिशनऱ्यांचा उल्लेख आला आहे, तर आपल्या घराचीही झडती घेतली पाहिजे. आम्ही सेमिनरीत असताना मानवशास्त्रातील कॅथलिक योगदान म्हणून एस. व्ही. डी. संघाच्या धर्मगुरूंची नावे आम्हांला अभिमानाने सांगितली जात: १९०६ साली 'अँथ्रोपोस' हे नियतकालिक काढणारे फादर विल्हेल्म श्मिट, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला सेल्कनाम लोकांत गेलेले फादर मार्टिन गुसिंडे. तो अभिमान आजही आहे. मेंढपाळ कंपन्यांनी सेल्कनाम लोकांची कशी कत्तल केली, ते गुसिंडे यांनी निर्भीडपणे लिहिले. परंतु १९२३ साली ते हाइन नावाच्या दीक्षाविधीत स्वतः सामील झाले आणि अंगे रंगवून आत्म्यांची सोंगे घेतलेल्या पुरुषांची त्यांनी छायाचित्रे घेतली. त्या सोंगांआड कोण आहे ते बायकांना कळू नये, हा त्या विधीचा गाभा होता. कुमसाराच्या मुद्रेसाठी प्राण देण्याची शिकवण ज्यांना मिळाली, त्यांनी दुसऱ्याच्या मुद्रेवर प्रकाश पाडावा, हे आम्हांला अजून उमगलेले नाही. आज ती चित्रे तिकडच्या पर्यटनस्थळी सदऱ्यांवर आणि पेल्यांवर छापून विकली जातात. आणि ज्या लोकांना ग्रंथांनी 'नामशेष' ठरवून टाकले होते, त्यांचे वंशज, आम्ही जिवंत आहोत, असे वर्षानुवर्षे ओरडत राहिले. चिली देशाने कायद्याने त्यांना मान्यता दिली ती २०२३ साली.

याहूनही जवळ यावे लागेल. दीक्षेनंतरच्या आमच्या पहिल्या नेमणुकीत, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी पाड्यावर, आम्ही सात-आठ वर्षांच्या एका मुलीचे छायाचित्र घेतले. विस्कटलेले केस, कडेवर भाऊ, मोठे डोळे. ते परदेशातल्या उपकारकर्त्यांना पाठविले. शाळेच्या छपराचे पैसे आले, छप्पर झाले, अजून आहे. त्या मुलीला किंवा तिच्या आईला ते छायाचित्र आम्ही कधी दाखविले नाही. केस विंचरून घेते, असे ती मुलगी त्या वेळी म्हणाली होती आणि आम्ही तिला तसे करू दिले नव्हते. म्हणजे घड्याळ काढणाऱ्या पथकाचे आम्हीही भाऊच. फरक असलाच तर एवढा की, आमच्या फसवणुकीचे छप्पर झाले.

यावर एक सबळ आक्षेप आहे, तो टाळता येणार नाही. चित्रित माणसाला विचारूनच फिल्म दाखवायची, तर सावकाराची, गिरणीमालकाची, झोपड्या पाडणाऱ्या अधिकाऱ्याची फिल्म कधी निघेल काय? आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली 'हमारा शहर' केला तो परवानगीच्या चिठ्ठ्या घेऊन नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण आम्ही नकाराधिकार मागत नाही, सुनावणी मागतो. आणि तीही ज्याला स्वतःचे म्हणणे छापून आणता येत नाही, दूरदर्शनवर मांडता येत नाही, त्याच्यासाठी. अधिकाऱ्याला वर्तमानपत्रे उघडी आहेत. शिवाय पटवर्धनांच्याच फिल्ममध्ये पाहा: झोपडी गमावलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या त्यांनाच फैलावर घेते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावता, आमच्या पदरात काय पडते, असा तिचा रोख आहे. ते दृश्य कापून टाकणे किती सोपे होते! पटवर्धनांनी ते ठेवले. त्या बाईला घर मिळाले नाही, पण तिला तिचे म्हणणे मिळाले, आणि ते आज चाळीस वर्षांनीही प्रत्येक प्रेक्षकाला ऐकावे लागते. आम्ही म्हणतो ती सुनावणी ही अशी.

दुसरा मार्गही आहे. १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' संघटनेने भाजी विकणाऱ्या, कष्टकरी, पुष्कळशा निरक्षर बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरे दिले. त्यांनी स्वतःच्या फिल्म स्वतः केल्या आणि आपल्या बहिणींना दाखविल्या. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग बाहेरच्या पथकांची गरजच काय, असे आमच्या युवक मंडळाचे म्हणणे आहे. आम्हांला ते पुरते पटत नाही. पाणघोडा गलबल्याने पळतो हे कोळ्यांना ठाऊक होते, पण फिल्म करण्याइतके ते नवलाचे आहे हे परक्याला कळले. परका यावा. आमच्या वाडीत यावा, आमच्या आजींची गाणी ऐकावीत. फक्त जाताना ज्या वाटेने आला, ती वाट विसरू नये.

गेल्या ऑक्टोबरात आणखी एका संस्थेचे पत्र आले. त्यांना येत्या मे महिन्यात लग्नविधींचे चित्रण करावयाचे आहे. पत्र आम्ही धर्मग्राम मंडळापुढे ठेवले. मंडळाने दोन बैठका घेतल्या. दुसऱ्या बैठकीला त्या आजींची सून आली होती आणि सर्वांत अधिक तीच बोलली. चित्रण झाल्यावर संकलनाआधी एकदा आणि फिल्म पुरी झाल्यावर, अन्यत्र कुठेही दाखविण्याआधी, दुसऱ्यांदा ती सभागृहात दाखवावी. गाणाऱ्या स्त्रियांची नावे पडद्यावर यावीत. गाण्यांचे शब्द बोलीत आणि भाषांतरात, दोन्ही यावेत. न वापरलेल्या चित्रणाची एक प्रत धर्मग्रामाकडे राहावी. घड्याळांचा मुद्दाही निघाला. सून म्हणाली, काढू की घड्याळे, त्यात काय एवढे! तो मुद्दा वगळला.

अटींचे पत्र नोव्हेंबरात रजिस्टर्ड डाकेने पाठविले. पोच आली आहे, उत्तर अद्याप नाही. त्याच टपालात आम्ही दुसरेही एक पत्र टाकले, आमच्या जुन्या मिशनातल्या सध्याच्या फादरांना. सोबत छायाचित्राची एक प्रत जोडली आहे. ती मुलगी आता पस्तिशीच्या आसपास असेल. लग्न होऊन कुठल्या पाड्यावर गेली ते शोधावे आणि छायाचित्र तिच्या हातात द्यावे, अशी त्यांना विनंती केली आहे. ती काय म्हणते, तेही कळवावयास सांगितले आहे.